ती सात उत्तरं अहवालात राहू दे

वाचक-पत्र : मी नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. प्रोजेक्टसाठी मी वसतिगृहातल्या आणि वर्गातल्या ४२ मुलींकडून, शेजारी बसून, गूगल फॉर्म भरून घेतला. त्यात "मोबाईल किती वापरता : कमी, मध्यम, जास्त" असं विचारलं होतं. मोबाईलच्या वापराचा आठ गोष्टींशी संबंध तपासला : उन्हाळी परीक्षेतले गुण, झोपेचे तास, चिडचिड, एकाग्रता, आत्मविश्वास, भूक, मैत्री आणि घरच्यांशी बोलणं. त्यातला फक्त गुणांशी असलेला संबंध 'सिग्निफिकंट' आला. सहसंबंध उणे ०.३१ (म्हणजे वापर जास्त तिथे गुण कमी), पी व्हॅल्यू ०.०४६. बाकी सात ठिकाणी काहीच नाही. मैत्रीण म्हणते, ते सात काढून टाक, अहवाल छान दिसेल. माझा दादा मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणतो, "काहून टाइम वाया घालवतेस? डोक्यातलं काही मोजता येते काय? अन् जे सांगता ते तर सगळ्यांनाच माहीत असते. हे काय सायन्स आहे?" मानसशास्त्राचे अर्ध्याहून जास्त प्रयोग खोटे निघाले, असंही त्यानं कुठेतरी वाचलंय. आता बाबाही म्हणतात, एम.ए. नको, एमबीए कर. माझा विषय विज्ञान आहे की नाही? दादाला काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

प्रिय मुली,

दादाकडे आपण नंतर येऊ. आधी ती सात उत्तरं. ती काढू नकोस. तुझा विषय विज्ञान आहे की नाही, याचा निकाल तुझ्या हातातल्या त्या अहवालात आत्ता लागायचा आहे, आणि तो तुला लावायचा आहे.

पी व्हॅल्यू ०.०४६ याचा अर्थ नीट समजून घे, कारण तोंडी परीक्षेत बहुतेक मुलं इथेच अडखळतात. मोबाईल आणि गुण यांचा खरोखर काहीही संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगानं तुझ्याएवढा किंवा त्याहून मोठा आकडा येण्याची शक्यता शंभरात साडेचार-पाच होती, इतकंच ते सांगतं. तुझा निष्कर्ष ९५ टक्के खरा आहे, असं ते म्हणत नाही. आणि 'सिग्निफिकंट' म्हणायची ही शंभरात पाचाची, म्हणजे ०.०५ ची, नेहमीची मर्यादा सुद्धा एकाच चाचणीपुरती. तू आठ केल्यास. आठही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या आणि कशाचाच कशाशी संबंध नाही असं मानलं, तरी आठातली किमान एक 'सिग्निफिकंट' येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के होते. म्हणजे तुझ्यासारख्या तीन विद्यार्थिनींनी रिकाम्या हवेचा अभ्यास केला असता, तर सरासरी त्यातल्या एकीला काहीतरी सापडलं असतं.

म्हणून आठ चाचण्या करणारी माणसं ०.०५ ला आठनं भागतात आणि ०.००६ च्या खाली आलेलाच निकाल पक्का धरतात. तुझा ०.०४६ त्याच्या जवळपासही नाही.

आणखी एक आकडा काढ, कारण तो तुझ्या फॉर्मुल्यांच्या वहीत नक्की आहे : विश्वास अंतराल, म्हणजे तुझ्या माहितीशी जुळू शकणाऱ्या आकड्यांचा टप्पा. ४२ मुलींच्या नमुन्यावर उणे ०.३१ आला, तर ९५ टक्क्यांचं अंतराल जवळजवळ शून्यापासून उणे ०.५६ पर्यंत पसरतं. म्हणजे मोबाईलचा गुणांशी बऱ्यापैकी घट्ट संबंध असू शकतो, किंवा नगण्यही असू शकतो. तुझी माहिती या दोन्ही शक्यतांना जागा देते. उणे ०.३१ हाच खरा आकडा धरला, तरी गुणांमधल्या फरकातला दहाएक टक्केच भाग त्यानं उलगडतो. उरलेले नव्वद टक्के दुसऱ्या कशामुळे तरी आहेत.

हे वाचून हिरमुसू नकोस. "आठ संबंध तपासले, एक सिग्निफिकंट आला, तोही आठ चाचण्यांचा हिशेब केल्यावर टिकत नाही, नमुना लहान होता, पुढचा अभ्यास मोठ्या नमुन्यावर व्हावा" असं लिहिलेला अहवाल मी तपासायला घेतला असता, तर मान वर करून लिहिणारीचं नाव पाहिलं असतं. "मोबाईलमुळे गुण घसरतात" असं ठणकावून सांगणारे अहवाल ढिगानं येतात.

आणि सात काढून एक ठेवण्यानं काय होतं, हे तिघा संशोधकांनी २०११ साली मुद्दाम करून दाखवलं. सिमन्स, नेल्सन आणि सिमोनसोन. त्यांनी विद्यार्थ्यांना एक गाणं ऐकवलं आणि आकडेवारीच्या सर्वमान्य रीती वापरून 'सिद्ध' केलं की ते गाणं ऐकल्यानं माणसाचं वय जवळपास दीड वर्षानं कमी होतं. तरुण वाटतं, असा दावा नव्हता. जन्मतारखेनुसार मोजलेलं वय कमी होतं! त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. फक्त बऱ्याच गोष्टी मोजल्या, मधूनमधून निकाल पाहिले, आणि जे जुळलं तेवढंच छापलं. नंतर त्याच लेखात सगळं उघड केलं. तुझी मैत्रीण तुला जे सुचवते आहे ते नेमकं हेच आहे, आणि ती बिचारी ते चांगल्या मनानं सुचवते आहे. या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान लबाड माणसांपेक्षा अशा चांगल्या मनाच्या सल्ल्यांनी केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दादा.

त्याचा पहिला प्रश्न मला मनापासून आवडला : डोक्यातलं मोजता येतं का? हा प्रश्न मानसशास्त्राच्या जन्माइतकाच जुना आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही दोघं एका संध्याकाळी घरी काढू शकता. दोन सारख्या कापडी पिशव्या घे. दोन्हींत अर्धा-अर्धा किलो तुरीची डाळ भर. मग एकीत थोडी डाळ वाढव : कधी ५ ग्रॅम, कधी १०, कधी २०. दादाचे डोळे बांध, एकेक पिशवी उचलायला दे आणि विचार, जड कोणती? जड पिशवी आधी द्यायची की नंतर, हे प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरव. प्रत्येक वजनाला वीस-वीस वेळा विचार आणि बरोबर उत्तरं मोज. ५ ग्रॅमला त्याची उत्तरं अंदाजपंचे येतील, वाढवत गेलीस की सुधारत जातील. आता दोन्ही पिशव्यांत दोन-दोन किलो घे. मघाशी १० ग्रॅमला कळणारा फरक आता कळणार नाही. त्याला चौपट, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास, वाढवावं लागेल. क्रमिक पुस्तकांत वजनासाठी हे प्रमाण साधारण दोन टक्के दिलेलं असतं. दादाचं थोडं वेगळं निघेल, पण प्रमाण मात्र दोन्ही वजनांना जवळपास सारखं राहील.

तुझ्या पुस्तकात हा वेबरचा नियम म्हणून आहे. अर्न्स्ट वेबर जर्मनीतल्या लाइपझिगचा. त्याच्या निरीक्षणांवरून गुस्ताव फेख्नरनं १८६० मध्ये बाहेरची उद्दीपना आणि आतली जाणीव यांना जोडणारं गणिती समीकरण मांडलं. त्याच शहरात १८७९ मध्ये विल्हेल्म वुंटनं प्रयोगशाळा काढली, जिथून आपण या विषयाचं वय मोजतो. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये स्वतंत्र मानसशास्त्र विभाग सुरू झाला, तो हार्वर्डला शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी उभारला, आणि त्याची सुरुवातही प्रयोगशाळेनंच झाली.

दादाला हेही सांग की पिशवीचा जडपणा त्याच्या डोक्यातच होता. तो कुणी पाहिला नाही. त्याच्या उत्तरांवरून आपण तो काढला, आणि दुसऱ्या कुणी तसंच केलं तर तेच प्रमाण येईल. इंजिनिअरनं इलेक्ट्रॉन तरी कुठे डोळ्यांनी पाहिलाय?

वजन सोपं, चिंता किंवा आत्मविश्वास अवघड, हे मान्य करायला हवं. तिथे मोजपट्टी आधी तपासावी लागते. आज भरलेल्या आणि पंधरा दिवसांनी भरलेल्या प्रश्नावलीत त्याच मुलीचे गुण जवळपास तेच येतात का? ती विश्वसनीयता. आणि चिंता मोजतोय म्हणताना आपण खरंच चिंताच मोजतोय ना, नुसतं नीट इंग्रजी वाचता येणं तर मोजत नाही ना? ती वैधता. दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. परदेशी चाचणी नुसती भाषांतरित करून आपल्या मुलांना देता येत नाही. शब्द, उदाहरणं, तुलनेसाठीचे सरासरी गुण, सगळं इथल्या मुलांवर नव्यानं बसवावं लागतं. व्ही. व्ही. कामतांनी फ्रान्सच्या बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी अशीच बसवली होती, स्वातंत्र्याच्या आधी. आणि तुझ्या फॉर्ममध्ये? "मोबाईल किती वापरता : कमी, मध्यम, जास्त." एकीचं मध्यम हे दुसरीचं जास्त असतं. शिवाय माणसं स्वतःचा वापर सांगतात तो आणि फोनमध्ये नोंदलेला, यांत बराच फरक पडतो, हे आता पुरेसं तपासलं गेलंय. प्रत्येकीच्या फोनमध्ये स्क्रीन टाइमचा आकडा आयता पडलेला असताना तू तो मागितला नाहीस. पुढच्या वेळी माग.

"सगळ्यांनाच माहीत असते" याचं उत्तर थोडक्यात देते. अतिपरिचयानं अवज्ञा होते, हे सगळ्यांना माहीत आहे. सहवासानं माया लागते, हेही सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही एकदम खरं कसं? कधी कुठलं लागू होतं, हे म्हणीतून कळत नाही. रॉबर्ट झायोन्कनं १९६८ मध्ये लोकांना अनोळखी चिन्हं आणि चेहरे कमी-जास्त वेळा दाखवून पाहिलं. जे जास्त वेळा दिसलं ते जास्त आवडलं. निकाल कळल्यावर "हे तर माहीतच होतं" असं प्रत्येकाला वाटतं. उलटा लागला असता तरी वाटलं असतं.

आता ज्या गोष्टीवर मला खरोखर रेंगाळायचंय ती. दादाला विज्ञानाची पद्धत माणसांवर वापरलेली पाहायची असेल तर युरोप-अमेरिकेत जायची गरज नाही. पुण्यात जयंत नारळीकरांनी ती करून दाखवली. कुंडलीवरून मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे सांगता येतं, असा दावा ज्योतिषी करतात. नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी तो दावा तसाच्या तसा तपासायला घेतला. हुशार म्हणून नावाजलेल्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या बनवल्या, नावं काढून टाकली. कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे ज्योतिष्यांना कळायला कुठलीच वाट ठेवली नाही. प्रत्येकाला चाळीस-चाळीस कुंडल्या दिल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी चाळीसपैकी वीसच्या आसपास बरोबर येतात. यांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे अठराच्या थोडी वर. एका संस्थेनं सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या, १०२ बरोबर. हा अभ्यास २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला.

यात खगोलशास्त्राचं एकही समीकरण नाही, हे दादाच्या लक्षात आणून दे. माणसाच्या एका निर्णयाची ही परीक्षा आहे आणि तिची प्रत्येक पायरी तुझ्या संशोधन पद्धतीच्या पेपरातली आहे. दावा आधी नेमक्या शब्दांत बांधून घ्यायचा. चुकलो तर कशावरून कळेल, ते माहिती हातात येण्याआधी ठरवायचं. नुसत्या योगायोगानं काय येईल, ते काढून ठेवायचं आणि निकाल त्याच्याशी ताडायचा. आणि उत्तर आपल्या इच्छेनुसार वळू नये, म्हणून ओळख झाकायची. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते दुसरं. प्रत्येक निकालाला "तरीही आमचंच खरं" असं म्हणता येत असेल, तर तो दावा कितीही भारदस्त असो, विज्ञानात बसत नाही. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यानं व्हिएन्नात याच कारणानं फ्रॉइड आणि आडलर या मनोचिकित्सकांवर बोट ठेवलं होतं : माणूस कसाही वागला तरी यांच्या सिद्धांतात त्याचं स्पष्टीकरण तयार असतं. दादाच्या डोक्यात मानसशास्त्र म्हणजे कोचावर झोपवून बालपण विचारणारे डॉक्टर असतील, तर त्याची तक्रार पॉपरचीच आहे, आणि ती बरोबर आहे. पण तुझा अभ्यासक्रम तिथे थांबलेला नाही.

ओळख झाकण्याबद्दल आणखी एक सांगते, कारण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्या सोडवायचा. मालक फॉन ओस्टन प्रामाणिक होता, पैसेही घेत नसे. ऑस्कर फुंग्स्टनं १९०७ मध्ये दाखवलं की विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोड्याला काही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते पाहून थांबायचा. आता तू तुझा फॉर्म मैत्रिणींच्या शेजारी बसून भरून घेतलास, असं दिसतं. तुला काय सिद्ध करायचंय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तुला खूश केलं नसेल, हे कशावरून?

बरं, समज मोजमाप अचूक आहे, नमुना मोठा आहे, संबंध पक्का आहे. तरी मोबाईलमुळे गुण कमी झाले, असं म्हणता येईल? उलटंही असू शकतं. अभ्यास जमत नाही म्हणून मुलगी फोनमध्ये तोंड खुपसून बसते. किंवा तिसरंच काही. तुझी माहिती उन्हाळी परीक्षेची आहे. नागपुरातला एप्रिल-मे तुला मी काय सांगू! ज्या खोलीत कूलर नाही, तिथे रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. झोप नाही म्हणून हातात फोन, आणि झोप नाही म्हणून पेपर वाईट. फोन आणि गुण, दोघांचं मूळ छतावरच्या तापलेल्या स्लॅबमध्ये. तू कूलरबद्दल विचारलंस का?

हा गुंता सोडवायचा खरा उपाय म्हणजे प्रयोग : कोणाला काय मिळणार, हे नाणेफेकीनं ठरवायचं. कूलर असलेल्या आणि नसलेल्या, हुशार आणि कच्च्या, सगळ्या मुली मग दोन्ही गटांत जवळपास सारख्या वाटल्या जातात. पण काही गोष्टी नाणेफेकीनं ठरवता येत नाहीत. शेतकऱ्याला गरीब करून पाहता येत नाही. इथे संशोधकाची खरी कसोटी लागते, आणि यासाठी मला तुला तामिळनाडूतला एक अभ्यास सांगायचाच आहे, कारण आपल्या विदर्भातल्या घरांशी त्याचं जवळचं नातं आहे.

पैशाच्या ओढाताणीनं माणसाची विचार करण्याची ताकदच कमी होते का, हा प्रश्न होता. गरीब आणि श्रीमंत यांची तुलना केली तर शिक्षण, आहार, आरोग्य सगळंच वेगळं निघतं. म्हणून आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तोच शेतकरी दोनदा तपासला. ऊस जाण्याआधी, हात अगदी आखडलेला असताना, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर. ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक. अक्षरओळख कमी असली तरी सोडवता येतील अशा आकृत्यांच्या आणि आकड्यांच्या चाचण्या. तेच डोकं पैसे आल्यावर जास्त चांगलं चाललं. लगेच शंका येतात, आणि त्या यायलाच हव्यात. ऋतू बदलला असेल? सणवार असेल? पण उसाची तोड सगळीकडे एकाच वेळी होत नाही, कारखान्याच्या वेळापत्रकानं ती काही महिन्यांत विभागलेली असते. एकाच आठवड्यात एकाचा ऊस गेलेला आणि दुसऱ्याचा उभा. मग दुसऱ्यांदा चाचणी देताना सवयीनं गुण वाढले असतील? ते पाहायला काही शेतकऱ्यांची पहिलीच चाचणी तोडीनंतर घेतली. हे २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. यावर पुढे वादही झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण कापूस घरात येण्याआधीचे महिने ज्यांनी यवतमाळ-वर्ध्याकडच्या घरांत पाहिलेत, त्यांना या प्रश्नाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही. कर्जबाजारी माणसानं चुकीचा निर्णय घेतला की त्याच्या अकलेवर बोट ठेवणं किती सोपं असतं. ते बोट खाली घ्यायला लावणारा पुरावा या विषयातून येऊ शकतो, म्हणून मला हा विषय प्रिय आहे.

दादाचा शेवटचा मुद्दा : अर्ध्याहून जास्त प्रयोग खोटे निघाले. तो ज्याबद्दल बोलतोय ते खरं घडलंय आणि तू ते लपवू नकोस. २०१५ मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकारानं शेकडो संशोधकांनी मानसशास्त्राच्या तीन नामवंत नियतकालिकांतले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सिग्निफिकंट होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांचेच आले, आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर आला. लहान मुलाला समोरची गोड गोळी न खाता थांबता आलं तर पुढे त्याचं भलं होतं, हा प्रसिद्ध निष्कर्ष २०१८ मध्ये नऊशेवर मुलांवर तपासला, तेव्हा संबंध निम्मा निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी बारीक झाला. इच्छाशक्ती वापरली की संपत जाते, हा सिद्धांत २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासला. परिणाम जवळपास शून्य. नेदरलँड्सच्या डिडरिक स्टापेलनं तर माहितीच मनानं रचली होती. ते २०११ मध्ये उघडकीला आलं.

"खोटे" हा शब्द मात्र दादानं जपून वापरावा. पुन्हा न येणं म्हणजे दर वेळी लबाडी नसते. बहुतेक वेळा लहान नमुना आणि ती टाकून दिलेली सात उत्तरं, एवढंच असतं. आणि हा रोग एकट्या मानसशास्त्राचा नाही. २०१२ मध्ये कॅन्सरवरच्या ५३ गाजलेल्या प्रयोगशाळा-अभ्यासांचा पडताळा एका औषध कंपनीनं घेतला, त्यातले सहाच टिकले. मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या घराची झडती स्वतः घेतली, आकडे छापले, आणि त्यानंतर नियम बदलले : अंदाज काय आणि चाचण्या कोणत्या, हे माहिती गोळा करण्याआधी सार्वजनिकपणे नोंदवून ठेवायचं, काही नियतकालिकं तर निकाल लागण्याआधी, नुसती पद्धत पाहून लेख स्वीकारतात. शिवाय सगळंच ढासळलं असंही नाही. एबिंगहाउसनं १८८५ मध्ये एकट्या स्वतःवर प्रयोग करून काढलेला विस्मरणाचा आलेख एकशे तीस वर्षांनी पुन्हा काढला तरी तसाच येतो. धडा परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिल्यानं जास्त टिकतो, हेही अनेकदा तपासून पक्कं झालंय. परीक्षेआधी तेवढं तरी वापर.

इतिहासातल्या एका माणसाचं नाव तुला वर्गात बहुधा सांगितलं गेलं नसेल. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या, वर्गवारी केली, आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. ज्या भागात धक्के जाणवले पण फारशी हानी झाली नव्हती, तिथे याहून भयंकर काहीतरी येणार अशा अफवा होत्या. घाबरलेल्या लोकांनी आणखी भीती का ओढवून घ्यावी? लिऑन फेस्टिंजरनं पुढे या प्रश्नाचा धागा पकडला, आणि त्यातून १९५७ मध्ये बोधनिक विसंवादाचा सिद्धांत आला (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस त्या जुळवून घ्यायला कारण शोधतो, तशी आधीच वाटणाऱ्या भीतीला त्या अफवांनी कारण पुरवलं), जो तुझ्या सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरात अमेरिकन म्हणून शिकवला जातो. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. काळजीपूर्वक टिपलेलं निरीक्षण होतं. मानसशास्त्राच्या अभ्यासांतली माणसं आजही बहुतांशी पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतली असतात. इतवारीतल्या दुकानदाराला, गडचिरोलीहून नागपूरला शिकायला आलेल्या मुलीला ते निष्कर्ष लागू पडतात का, हे इथल्याच कुणाला तरी पाहावं लागेल.

आता पुढचं. हा अहवाल आठही निकालांसह दे. एम.ए.ला गेलीस तर हाच प्रश्न नीट घे. उणे ०.३ एवढा संबंध पकडायचा तर निदान ८५ जणी लागतील, उणे ०.२ असेल तर दोनशेच्या आसपास. किंवा प्रयोग कर : तयार असलेल्या मुलींपैकी नाणेफेकीनं निम्म्यांना आठवडाभर रात्री फोन खोलीबाहेर ठेवायला सांग, बाकीच्यांनी नेहमीसारखं वागायचं, आणि सकाळी झोपेची वेळ लिहून घे. गुणांपेक्षा झोप मोज, ती आठवड्यात बदलू शकते. प्रत्येकीची लेखी संमती घे, मध्येच सोडायची मोकळीक दे, नावाऐवजी क्रमांक वापर, अठराच्या खालच्या मुलींसाठी पालकांची परवानगी घे. आणि निराशेबद्दल किंवा जीव नकोसा वाटण्याबद्दल प्रश्न घालणार असशील, तर तसं उत्तर आल्यास कोणाकडे पाठवायचं, हे विभागातल्या शिक्षकांशी आधी ठरवल्याशिवाय फॉर्म वाटू नकोस.

बाबांच्या काळजीला तुच्छ लेखू नकोस, ती पोटापाण्याची आहे. रुग्णांवर उपचार करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, नुसत्या एम.ए.वर ते होत नाही. या अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर ताजी माहिती बाबांसोबत बसून पाहा. आकडेवारी आणि सर्वेक्षण आवडत असेल, तर तो वेगळा रस्ता आहे आणि एमबीए झालेल्यांनाही तिथे तुझ्यासारखीची गरज पडते. ठरव तू, पण दादाच्या एका टोमण्यावर ठरवू नकोस.

त्या झोपेच्या प्रयोगात दादाला एक काम दे. नाणं त्यानं उडवावं, कोणता क्रमांक कोणत्या गटात याची यादी त्याच्याजवळच राहावी, आणि तुझं सगळं गणित पूर्ण होईपर्यंत त्यानं ती तुला दाखवू नये.

तुझी,
सदर लेखिका